आतून वर आलेलं सोनं

कोलंबियातल्या प्राचीन ‘सोन्याच्या विमानां’चे फोटो व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतात. ती जेमतेम बोटभर लांबीची, प्राण्यांच्या आकाराची लटकनं आहेत. परग्रहवासीयांना मध्ये ओढायचं काही कारण नाही. दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या सोनारांची खरी करामत धातूतच आहे.

पेरूमधल्या कुस्को शहरात, नाझारेनास चौकातल्या एका जुन्या वाड्यात २००३ पासून कोलंबसपूर्व कलेचं छोटं संग्रहालय आहे. लिमाच्या लार्को संग्रहालयातल्या निवडक वस्तू तिथे मांडल्या आहेत. अशा ठिकाणी पाटी नंतर वाचा, आधी दागिन्याची कड बघा. पिवळ्याखाली लालसर धातू डोकावत असेल, हिरवे ठिपके दिसत असतील, तर तो बहुधा तुंबागा, म्हणजे सोनं-तांब्याचा मिश्रधातू.

निम्मं सोनं, निम्मं तांबं असा बारा कॅरेटचा पत्रा घेऊ. सोन्याचा अणू तांब्याच्या तिप्पट जड, त्यामुळे या पत्र्यात दर चार अणूंपैकी तीन तांब्याचेच. पत्रा लाल होईस्तोवर तापवला की वरचं तांबं ऑक्सिजनशी संयोग पावून काळं पडतं. सोनं त्या भानगडीत पडत नाही. मग आंबट वनस्पतीच्या रसाने तो काळा थर उतरवायचा. चिंचेने तांब्याची भांडी उजळतात, तेच हे रसायन. पुन्हा तापवा, पुन्हा धुवा. दर फेरीला वरच्या थरातलं तांबं घटतं. उरलेला थर सच्छिद्र आणि मातकट असतो. गुळगुळीत दगडाने घोटल्यावरच तो चकाकतो. ठोकून कडक झालेला पत्रा मऊ करायला तापवावा लागतोच, म्हणजे निम्मं काम ओघातच होतं. फक्त आच सांभाळायची: दोन्ही धातू सुटे असताना १०६० अंश सेल्सिअसच्या पुढेच वितळतात, पण ८० टक्के सोनं आणि २० टक्के तांबं यांचं मिश्रण सुमारे ९१० अंशांनाच पाणी होतं.

नैसर्गिक सोन्यात चांदीही असते आणि ती आंबट रसाला दाद देत नाही. पत्रा फिकट राहतो. त्यावर फेरिक सल्फेट आणि मीठ असलेल्या खनिजांचा लेप वापरत असावेत, असं प्राचीन धातुकामाच्या अभ्यासक हेदर लेक्टमन यांनी सुचवलं.

हा सोन्याचा थर काही मायक्रॉनचाच, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागांइतकाच. म्हणून क्ष-किरणांनी पृष्ठभाग तपासणारं यंत्र कॅरेट फुगवून सांगू शकतं. जमिनीत आतलं तांबं गंजतं, हिरवे क्षार छिद्रांतून वर येतात आणि सोन्याचा पापुद्रा सुटतो. दागिना आम्लात बुडवून साफ करायला जावं, तर क्षारांबरोबर सोनंही निघून येतं. त्यामुळे ते क्षार सूक्ष्मदर्शकाखाली, हातानेच, कणाकणाने खरवडावे लागतात.