माकडाचा रिपोर्ट एकदा निगेटिव्ह आला म्हणून

२०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत (एनआयव्ही) कोव्हॅक्सिनची चाचणी २० ऱ्हीसस माकडांवर झाली. माकडं रानातून पकडून आणलेली. ते वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला, लस टोचण्याआधी त्यांच्या अंगात काय काय होतं?

प्रश्न माकडांपुरता नाही. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम ब्रेबनर या तरुण डॉक्टरला प्रयोगशाळेतलं माकड चावलं आणि काही दिवसांत तो गेला. त्याच्या आडनावावरून त्या विषाणूला ‘बी’ म्हणतात. माकडाला त्याचा फारसा त्रास नसतो. आपल्याला ताप उतरताना ओठावर फोड येतात, तसं काहीतरी होतं आणि जातं. विषाणू मात्र मज्जातंतूंच्या गाठीत जन्मभर दडून बसतो. माणसाच्या मेंदूपर्यंत पोचला आणि उपचार झाले नाहीत, तर बहुतेक रुग्ण दगावतात.

म्हणून प्रयोगांसाठी माकडं वाढवणाऱ्या पैदास केंद्रात माकडाला आधी भूल देतात, मांडीच्या शिरेतून थोडं रक्त घेतात आणि ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये अँटीबॉडी शोधतात. खळगा पिवळा झाला की संशय. पण नुकती लागण झालेली असेल तर अँटीबॉडी तयार व्हायला काही आठवडे जातात, तोवर खळगा कोराच राहतो. एसआरव्ही नावाचा विषाणू तर त्याहून फसवा. काही माकडांच्या रक्तात तो खेळत असतो आणि अँटीबॉडी बनतच नाही. तिथे थेट विषाणूच शोधणारी पीसीआर चाचणी करावीच लागते. शिवाय तो प्रतिकारशक्तीच पोखरतो. अशा माकडावर लशीचा प्रयोग केला तर दोष लशीचा की विषाणूचा, कसं ठरवणार?

म्हणून नवं माकड आलं की आधी विलगीकरण, पुन्हा पुन्हा तपासणी. एक जरी पॉझिटिव्ह निघालं तरी त्याला बाजूला काढायचं आणि त्याच्या सोबत्यांचं रक्त परत घ्यायचं. ‘बी’ बहुधा वयात येताना चावे आणि समागमातून लागतो, त्यामुळे स्वच्छ, म्हणजे या विषाणूंपासून मुक्त, वसाहत उभी करताना पिल्लांना लवकरच आईपासून तोडून वेगळं वाढवतात. ही ताटातूट मला वाचतानाही सोसत नाही. पण एकदा वसाहत स्वच्छ झाली की पुढची पिल्लं आईच्या पोटाशीच वाढू शकतात, आणि तपासणीत हयगय नको असं मला वाटतं ते याचसाठी.

अशा वसाहतीतही वर्षानुवर्षं निगेटिव्ह असलेलं एखादं माकड अचानक पॉझिटिव्ह निघतं. १९९७ साली अमेरिकेत एका तरुण संशोधिकेच्या डोळ्यात माकडाच्या अंगातल्या द्रवाचा नुसता थेंब उडाला आणि ती ‘बी’नेच गेली. म्हणून रिपोर्ट काहीही असो, पिंजऱ्याजवळ जाणारा माणूस चेहऱ्यावर शील्ड चढवूनच जातो.