सांगलीतल्या खासगी एफएमची पार्श्वभूमी

सांगलीला रेडिओ नवा नाही. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ पासून मध्यम लहरींवर आहे. शेतीचा सल्ला, भावगीतं आणि प्रादेशिक बातम्या यांवर इथल्या दोन पिढ्या वाढल्या. नवा होता तो जाहिरातींवर चालणारा, दिवसभर गाणी वाजवणारा आणि कॉलेजच्या वयाच्या श्रोत्याशी त्याच्याच बोलीत बोलणारा रेडिओ. रेडिओ सिटी ९१.१ हे त्यातलं सांगलीकरांच्या ओळखीचं नाव. अशा केंद्राला सांगलीपर्यंत पोचायला इतकी वर्षं का लागली आणि पोचल्यावर ते आज वाजतं तसंच का वाजतं, हे समजून घ्यायचं तर लिलाव, रॉयल्टी (गाणी वाजवण्याबद्दल हक्कधारकांना द्यायचे पैसे) आणि परवान्याच्या अटींकडे जावं लागतं. तरुणांची आवड त्यानंतर येते.

सिनेसंगीत आणि सरकारी रेडिओ यांचं सुरुवातीपासून फारसं जमलं नाही. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ माहिती आणि प्रसारण खात्याचे मंत्री होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवर चित्रपटगीतांवर बंधनं आली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ते परत यावेत म्हणून १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर इथे तिच्यावर जाहिराती वाजू लागल्या. गाण्यांच्या आधाराने रेडिओ स्वतःचा खर्च काढू शकतो हे तेव्हाच दिसलं होतं. तरीही खासगी हातांना वेळ मिळायला १९९३ उजाडलं. तोही आकाशवाणीच्याच एफएम वाहिनीवर विकत घेतलेला वेळ होता, स्वतःचं केंद्र नव्हे. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. सरकारची मक्तेदारी टिकणार नाही हे त्यानंतर स्पष्ट झालं.

खासगी एफएमच्या पहिल्या टप्प्यात १०८ वाहिन्यांचा लिलाव निघाला. ३ जुलै २००१ रोजी बंगळुरूमध्ये देशातलं पहिलं खासगी एफएम केंद्र सुरू झालं. पण शुल्काची रचनाच चुकलेली होती. बोलीची रक्कम दरवर्षी भरायची आणि ती दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायची. मुंबईची बोली वर्षाला ९.७५ कोटींपर्यंत चढली. दरसाल १५ टक्के म्हणजे पाच वर्षांत रक्कम दुप्पट. जाहिरातींचं उत्पन्न त्या वेगाने वाढत नाही. अनेक बोलीदारांनी माघार घेतली आणि जेमतेम २१ केंद्रं उभी राहिली. मुंबईत न झेपणारा हिशेब सांगलीत मांडायला कोण येणार?

सरकारने नेमलेल्या अमित मित्रा यांच्या समितीने शुल्क उत्पन्नाशी जोडायला सुचवलं आणि २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात ते झालं. प्रवेशशुल्क एकदाच भरायचं, पुढे किमान रकमेच्या अटीसह उत्पन्नाच्या ४ टक्के द्यायचे, परवाना १० वर्षांचा. छोट्या शहरांचं गणित जमलं ते इथे. ९१ शहरांतल्या ३३८ वाहिन्या लिलावात निघाल्या. त्यात सांगली होती. रेडिओ सिटीने सांगलीबरोबर सोलापूर, नांदेड, जळगाव, अकोला आणि अहमदनगर ही शहरंही घेतली. हा संच पुढे महत्त्वाचा ठरतो.

लिलावात शहरांना लोकसंख्येनुसार वर्ग असतात. ३ ते १० लाखांचं शहर ‘सी’ वर्गात येतं, आणि सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५ लाखांच्या आसपास होती. दुसऱ्या टप्प्याच्या नियमांनी एकच कार्यक्रम अनेक केंद्रांवर लावायची मुभा दिली ती फक्त ‘सी’ आणि त्याहून छोट्या शहरांच्या ‘डी’ वर्गाला, तीही एकाच विभागात. तिसऱ्या टप्प्याच्या २०११ च्या धोरणाने ही मुभा कंपनीच्या सगळ्याच केंद्रांना दिली. पैसे वाचतात हे खरं. सहा शहरांत रात्रीचे सहा निवेदक ठेवायचे की एक, हा प्रश्न मालकाला पडणारच. पण सांगलीच्या श्रोत्याने त्याची किंमत मोजली. सकाळचे तास स्थानिक राहतात, कारण जाहिरातदार तिथेच असतो. दुपार आणि रात्र बाहेरून येते किंवा आधी रेकॉर्ड केलेली असते.

एक तास आतून कसा भरतो ते पाहू. त्याला क्लॉक म्हणतात. साधारण दहा-बारा गाणी, जाहिरातींचे तीन-चार ब्रेक, केंद्राचं नाव सांगणाऱ्या जिंगल्स आणि निवेदकाच्या मिनिट-दीड मिनिटाच्या लिंक्स, म्हणजे गाण्यांमधलं बोलणं. गाणी निवेदक निवडत नाही. शेड्युलिंगचं सॉफ्टवेअर निवडतं. नवं गाणं दिवसात पाच-सात वेळा, थोडं जुनं दोनदा, आणि एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ नाहीत. गाण्यांचा साठा मुद्दाम आटोपशीर ठेवतात, कारण श्रोता पंधरा-वीस मिनिटंच थांबतो आणि तेवढ्यात त्याला ओळखीचं काहीतरी लागलं पाहिजे. पण दुकानात दिवसभर रेडिओ लावणाऱ्याला तेच गाणं दुपारपर्यंत नकोसं होतं. ‘सारखी तीच गाणी’ या तक्रारीचं मूळ इथे आहे. मराठी गाण्यांचा वाटाही याच यादीत ठरतो. बाहेरून आलेल्या तासात तो कमी झाला तर सांगलीत बसून कुणाला बदलता येत नाही.

गाण्याचा खर्चही छोट्या केंद्राला जड होता. रॉयल्टी वाजवलेल्या तासांवर आकारली जाई, मग जाहिरात मिळो न मिळो. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने ती निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर आणली. महिन्याला दहा लाखांची जाहिरात असेल तर वीस हजार रुपये, हा हिशेब सांगलीला झेपणारा होता. २०२० च्या अखेरीस मात्र दर पुन्हा तासांवर गेले.

लहरींचं गणित वेगळं. मध्यम लहर जमिनीला धरून लांब जाते. एफएमची लहर जवळजवळ नजरेच्या रेषेत जाते. अँटेना ७५ मीटर उंचीवर आणि रेडिओ हातात असेल तर ही रेषा चाळीसेक किलोमीटरवर संपते. म्हणून तासगावला स्वच्छ ऐकू येणारं केंद्र जतला पोचत नाही. सांगलीचा सपाट नदीकाठ एफएमला सोयीचा. साताऱ्यात मात्र अजिंक्यतारा आणि यवतेश्वराचे डोंगर लहर अडवतात किंवा परतवतात. थेट आलेली आणि डोंगरावरून उलटलेली लहर एकत्र आली की ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येतात.

तरुणांपर्यंत हा रेडिओ पोचवला तो मोबाइलने. साध्या फोनमध्येही एफएम असे आणि इअरफोनची वायर अँटेनाचं काम करी. वायर गुंडाळून खिशात कोंबली की खरखर, मोकळी सोडली की आवाज साफ. ब्लूटूथचे इअरफोन आले, वायर गेली आणि तिच्याबरोबर अँटेनाही. अनेक फोनमधून एफएमची सोयच गेली, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारला फोन कंपन्यांना ती चालू ठेवण्याची सूचना करावी लागली.

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. तिसऱ्या टप्प्यात आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावायची परवानगी मिळाली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, आणि स्थानिक प्रशासनाने दिलेल्या वीज, पाणी, आपत्तीच्या सूचना ‘बातमी’ धरल्या जात नाहीत. सांगलीसाठी ही सवलत सगळ्यात मोलाची. आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पुरात वीज जाते, टीव्ही बंद पडतो, फोनचं नेटवर्क कोलमडतं, तेव्हा बॅटरीवरचा रेडिओ चालतो. अशा वेळी स्टुडिओत माणूस हवाच. सकाळी सहाला रेकॉर्ड केलेल्या लिंकमधला आकडा दहा वाजता खोटा ठरलेला असतो. म्हणून पातळी सांगताना फुटांबरोबर वेळ सांगायची, आकडा प्रशासनाचाच घ्यायचा, कोयनेतून किती क्युसेक सोडलं तेही जोडायचं, आणि जुनी लिंक प्लेआउटच्या, म्हणजे प्रसारणासाठी लावून ठेवलेल्या, यादीतून हाताने काढून टाकायची.