‘हौशी’ म्हणजे किती? नाशिकच्या नोकरदार बुद्धिबळपटूच्या आकड्यामागचा इतिहास

रविवारी सकाळी एखाद्या मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर पेअरिंगचा, म्हणजे कोणाची गाठ कोणाशी ते सांगणारा, कागद लागतो आणि त्याच्याभोवती झुंबड उडते. त्यात आठ-नऊ वर्षांची मुले असतात, त्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळणारे पालक असतात आणि अधूनमधून सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी करणारा किंवा बँकेत, शाळेत नोकरीला असलेला चाळिशीचा एखादा माणूस असतो. हे टिपण त्या तिसऱ्या माणसाविषयी आहे. माहितीपत्रकात त्याला ‘हौशी’ म्हटलेले असते. तुम्ही कोण, असे विचारले तर तो स्वतः मात्र आपल्या ताकदीचा आकडा, म्हणजे रेटिंग, सांगतो: ‘मी चौदाशे ऐंशी.’

हे दोन शब्द एकाच माणसाला कसे चिकटले, ते समजल्याशिवाय २०२४ साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने (फिडेने) खालचे आकडे एकदम वाढवले तेव्हा उठलेला गदारोळ कळणार नाही.

मराठीत हौशी म्हणजे पोटासाठी न करणारा. हौशी नाटकवाला, हौशी गायक. आपल्याकडे जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे जमतात असे म्हणतात. बुद्धिबळ स्पर्धेलाही हे तिघे असतातच. जागतिक संघटनेनेही सुरुवातीला हौशी शब्द पैशाच्याच अर्थाने घेतला होता. तिची स्थापना १९२४ साली पॅरिसमध्ये झाली. ऑलिंपिकच्या सावलीत जागा मिळावी म्हणून त्या वर्षी आणि पुन्हा १९२८ साली हौशींची जागतिक स्पर्धा भरवली गेली. पण बुद्धिबळात व्यावसायिक कोण आणि हौशी कोण, हे ठरवणे फार अवघड निघाले. शिकवणी घेणारा व्यावसायिक धरायचा का? वर्तमानपत्रात सदर लिहिणारा? हा भेद लवकरच बारगळला. १९९०च्या दशकात हौशींची जागतिक स्पर्धा पुन्हा सुरू झाली तेव्हा अर्थ पार बदलला होता. आता अमुक आकड्याच्या खाली असेल तो हौशी. आज २३०० खाली, २००० खाली आणि १७०० खाली असे तीन गट असतात. गंमत म्हणजे भारतातल्या हौशी गटांत रोख बक्षिसे असतात आणि त्यावर कोणाचा आक्षेप नसतो. हौस आहे की धंदा, हे कोणी विचारत नाही. आकडा तेवढा विचारतात.

आकड्याआधीचा काळ थोडक्यात. वाड्यांच्या ओट्यांवर खेळला जाणारा जुना देशी खेळ वेगळा होता. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके, आणि शेवटच्या रांगेत पोहोचले की ज्या घरात पोहोचले त्या घराचे मोहरे होई. देशाची मध्यवर्ती संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि १९५५ साली आंध्रातल्या एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिचे विजेतेपद दोघांत विभागले गेले, त्यांपैकी एक महाराष्ट्राचा होता. पुढची काही दशके महाराष्ट्रात स्पर्धात्मक बुद्धिबळ म्हटले की मुंबई-पुणेच डोळ्यांपुढे येई. नाशिककराला चांगला डाव खेळायचा तर गाडी पकडावी लागे. १९७५ साली पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली आणि मुंबईची स्पर्धा एका दिवसाच्या आवाक्यात आली. पुण्याला मात्र आजही बहुतेक जण सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत रस्त्यानेच जातात.

आकडा आला १९७१च्या आसपास. भौतिकशास्त्राच्या एका हंगेरियन-अमेरिकन प्राध्यापकाने बसवलेली पद्धत जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. (‘एलो’ हे त्यांचे आडनाव आहे, कशाचे लघुरूप नव्हे. ते तसे समजून शाळांच्या फलकांवर टिंबे देऊन लिहिलेले दिसते.) मराठी वर्तमानपत्रांनी या आकड्याला ‘मानांकन’ म्हटले. टेनिसच्या बातम्यांत मानांकन म्हणजे सीडिंग, त्यामुळे ‘बिगरमानांकित खेळाडूने मानांकिताला हरवले’ या मथळ्याचा अर्थ खेळ कोणता यावर अवलंबून असतो. कोणी गुणांकन म्हणतो, कोणी सरळ रेटिंग. स्पर्धेच्या हॉलमध्ये हा तिसरा शब्दच चालतो.

त्या वेळी यादीची तळरेषा २२०० होती. म्हणजे २२०० किंवा त्याहून वरच्या ताकदीचे असाल तरच यादीत नाव, एरवी नाही. नाशिकरोडच्या छापखान्यातला किंवा ओझरच्या विमान कारखान्यातला कामगार वीस वर्षे स्पर्धा खेळला असेल, जिल्हा गाजवला असेल, तरी जगाच्या हिशेबी त्याला आकडाच नव्हता. तो फक्त हौशी होता, जुन्या अर्थाने. १९९३ साली तळरेषा २००० वर आली, मग पायरीपायरीने उतरत २०१२ साली १००० वर पोहोचली. सुरुवातीला वर्षातून एकदा निघणारी यादी त्याच वर्षापासून दर महिन्याला येऊ लागली. रॅपिड आणि ब्लिट्झचे, म्हणजे जलद आणि अतिजलद डावांचे, वेगळे आकडेही २०१२चेच. नोकरदार खेळाडूच्या आयुष्यात खरा फरक पडला तो या वर्षामुळे. १९८८ साली भारताला पहिला ग्रँडमास्टर मिळाला, २००० साली त्यानेच विश्वविजेतेपद आणले, त्यातून मुले खेळाकडे वळली. पण चाळिशीच्या माणसाला यादीत जागा दिली ती तळरेषेने.

नाशिकमध्ये या घडामोडींवर आणखी एक थर चढला. २०१३ साली इथल्याच एका अठरा वर्षांच्या मुलाला ग्रँडमास्टर किताब मिळाला. पुढे तो २७०० पार गेला, २०२३ साली ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून कँडिडेट्सला, म्हणजे विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेला, पात्र ठरला आणि २०२४ साली बुडापेस्टला ऑलिंपियाडचे सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता. गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत क्लासच्या पाट्यांवर बुद्धिबळ दिसते, त्यामागे हे उदाहरण आहे. त्याचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो. शिकवलेली, रोज संगणकावर डाव घोटणारी पोरे स्पर्धेत आली आणि त्यांच्यासमोर बसायला लागला तो पाळी संपवून आलेला माणूस.

इथे थोडे गणित पाहावे लागेल. समजा त्याचे १४५० आहेत आणि समोरच्या मुलाचे १२५०. दोनशेच्या फरकात मोठ्या आकड्यावाल्याने शंभरातले ७६ गुण मिळवावेत, अशी पद्धतीची अपेक्षा असते. हरला तर त्याचे, के फॅक्टर (एका डावाने आकडा किती हलू शकतो ते ठरवणारे माप) २० असल्याने, १५ गुण जातात. मुलाला मात्र अठरा वर्षांखालचा म्हणून ४० चा के फॅक्टर, त्यामुळे ३० गुण मिळतात. हे दुप्पट माप मुलांची ताकद भरभर वाढते म्हणूनच ठेवले आहे. तरीही ते अपुरे पडत होते. स्पर्धा महिन्यातून एखादी आणि सराव रोज चार तास, असे असले की आकडा मुलाच्या मागून लंगडत येतो. १२५० लिहिलेले पोर खेळते सोळाशेचे. मार्च २०२० पासून समोरासमोरच्या स्पर्धा बंद पडल्या आणि ही दरी आणखी रुंदावली. दीड-दोन वर्षे मुले पडद्यावर खेळत होती, आकडे होते तिथेच गोठलेले. स्पर्धा पुन्हा सुरू झाल्यावर मोठ्यांचे गुण पानगळीसारखे झडू लागले.

जागतिक संघटनेने यावर उपाय काढला तो १ मार्च २०२४ रोजी लागू झाला. २००० खालच्या प्रत्येकाला एकदाच वाढ: २००० मधून आपला आकडा वजा करायचा आणि उरलेल्याच्या ४० टक्के मिळवायचे. १००० चे १४०० झाले, १५०० चे १७००. ज्याचा आकडा १९९० होता त्याला चार गुण मिळाले. तळरेषाही १००० वरून १४०० वर गेली.

निर्णयाचे समर्थक सांगतात ते चुकीचे नाही. खालचे आकडे खऱ्या ताकदीपेक्षा कमी होते, ते उचलणे भाग होते. पण उचलताना अंतरे आवळली गेली. १२०० आणि १६०० यांच्यात चारशेचे अंतर होते. वाढीनंतर ते १५२० आणि १७६० झाले, अंतर उरले २४०. आधी वरच्या खेळाडूकडून शंभर डावांत ९२ गुणांची अपेक्षा होती, आता ८० ची. दहा वर्षांत एकेक पायरी चढून सोळाशेला पोहोचलेल्या माणसाची आघाडी एका रात्रीत दोन पंचमांशाने कमी झाली. त्याने एकही डाव न हरता.

नाशिकच्या हौशी खेळाडूला खरी कळ लागली ती दुसऱ्याच ठिकाणी. भारतात ‘बिलो सोळाशे’ ही एक संस्थाच होती. खुल्या स्पर्धेत पहिल्या फेरीत एखाद्या मास्टरकडून मार खाऊन पुढे तळाच्या टेबलांवर आठवडा काढण्यापेक्षा, आपल्यासारख्यांत खेळून बक्षिसाची आशा धरता येई. गट होता १००० ते १५९९ चा. वाढीनंतर जुने १३३४ आणि त्यावरचे सगळे सोळाशेच्या पलीकडे ढकलले गेले. उदाहरणार्थ १३८० वाला १६२८ झाला. खाली तळरेषा १४००. सहाशे गुणांचा पट्टा दोनशेचा झाला. आयोजकांना गट नव्याने आखावे लागले, आणि ज्याने आधीच्या महिन्यात बिलो सोळाशेची एंट्री भरून ठेवली असेल त्याला फोन करून विचारावे लागले की आपण अजून त्या गटात बसतो का. हौशी १७०० खालच्या गटाचेही तेच: जुन्या १५०० ला दरवाजा बंद. आकडा वाढल्याचे पेढे वाटावेत की बक्षिसाचा गट गेला म्हणून कपाळाला हात लावावा, असा प्रश्न पडलेली माणसे या शहरात होती आणि त्यांची तक्रार रडकी नव्हती. हौशी या शब्दाची व्याख्या आकड्याने करायची ठरवल्यावर आकडा हलवणे म्हणजे माणसाचा पत्ता बदलणे होते, हे निर्णय घेणाऱ्यांनी पुरेसे लक्षात घेतलेले दिसत नाही.

दुसरी एक शंका मात्र निर्णयामुळे थोडी निवळली. गट आकड्यावर ठरतो तेव्हा काही जण मुद्दाम गुण पाडून खाली राहतात आणि मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेत उगवतात. हा रोग वाढीने गेला नाही, पण वर्षानुवर्षे पाडून ठेवलेला साठा एकदा तरी विस्कटला.

वरून आलेल्या निर्णयाने हौशी खेळाडू असा सापडण्याची ही पहिली वेळ नव्हती. २०१०च्या सुमारास देशात प्रतिस्पर्धी संघटनेच्या स्पर्धा भरू लागल्या. मध्यवर्ती संघटनेने त्यांत खेळणाऱ्यांवर बंदी घातली, काहींची नावे यादीतून गेली. अशा खेळाडूंत बहुसंख्य घरचा डबा घेऊन रविवारी खेळायला जाणारे होते. कोणाची मान्यता कोणाला, हे त्यांना एंट्री भरताना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. प्रकरण उच्च न्यायालयातून मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाकडे गेले आणि जुलै २०१८ मध्ये आयोगाने संघटनेला सुमारे ६.९२ लाख रुपयांचा दंड केला. माहितीपत्रकावर ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द ठळक अक्षरांत का छापतात आणि जुने खेळाडू आधी तोच का शोधतात, त्याचे मूळ या प्रकरणात आहे.

रोजच्या खेळातले बदल त्या मानाने शांतपणे मुरले. चाली लिहिण्याची जुनी इंग्रजी वळणाची पद्धत १९८१ पासून अधिकृत राहिली नाही. साठीपुढचे काही जण अजून तोंडाने ‘पी के फोर’ म्हणतात आणि तीच चाल लिहितात ‘ई फोर’. डाव तहकूब करून पुढची चाल पाकिटात बंद करायची रीत संगणक आल्यावर संपली. प्रत्येक चालीला काही सेकंद वाढवून देणाऱ्या घड्याळाच्या पेटंटसाठी एका माजी विश्वविजेत्याने १९८८ साली अर्ज केला होता. आज ९० मिनिटे आणि चालीला ३० सेकंद हे माप सर्रास चालते. त्या मापाने साठ चालींचा डाव चार तासांचा होतो. दिवसाला दोन फेऱ्या धरल्या तरी नऊ फेऱ्यांना पाच दिवस लागतात. विद्यार्थ्याला दिवाळीची सुट्टी असते. नोकरदाराला अर्जित रजा लागते, आणि ती बहिणीच्या लग्नालाही लागते. म्हणून नाशिकचा हौशी खेळाडू बहुतेक रविवारच्या एकदिवसीय रॅपिडला दिसतो आणि क्लासिकलचा, म्हणजे लांब वेळेच्या डावांचा, आकडा वर्षभर तसाच पडून राहतो. २०२४ ची वाढ क्लासिकलचीच होती. ज्याने त्या वर्षी एकही मोठा डाव खेळला नाही, त्यालाही ती मिळाली.

नवख्यासाठी सध्या रीत अशी आहे. आकडा असलेल्या पाच जणांशी डाव व्हावे लागतात आणि ते २६ महिन्यांच्या आत जमवता येतात. पहिल्याच स्पर्धेत शून्य गुण पडले तर ती स्पर्धा मोजत नाहीत. हिशेबात १८०० च्या दोन काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी झालेल्या दोन बरोबऱ्या मिळवल्या जातात, त्यामुळे पहिला आकडा पूर्वीसारखा तळाशी आपटत नाही. परिणामी चाळिशीत यादीत शिरणारा माणूस आता पहिल्याच महिन्यात सोळाशेच्या आसपास दिसू शकतो. त्याच्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षे खेळून तिथेच पोहोचलेला दुसरा माणूस बसलेला असतो, आणि पेअरिंगच्या कागदावर दोघांचे आकडे सारखेच छापलेले असतात.