खुळखुळ्याचे बी आणि हृदयाची उजवी बाजू

ठाण्यात येऊरच्या वाटेवर पावसाळा सरता सरता खुळखुळ्याची पिवळी फुले दिसू लागतात, आणि पुढे शेंगा वाळल्या की नुसता धक्का लागला तरी आतले सुटे बी खुळखुळते. याच कुळातल्या काही जातींच्या बियांत मोनोक्रोटालिन नावाचे विष असते, आणि हृदयाची उजवी बाजू निकामी कशी होते हे समजून घेण्यासाठी संशोधक ते अनेक दशके वापरत आले आहेत.

उजवी जवनिका, म्हणजे हृदयाचा उजवीकडचा खालचा कप्पा, रक्त फुप्फुसांकडे ढकलते. आकुंचनाच्या वेळी तिथला दाब पाऱ्याच्या सुमारे २५ मिलिमीटर इतकाच असतो, डावीकडे तो सुमारे १२० असतो. म्हणून उजवी भिंत पातळ असते. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की ही भिंत आधी जाड होते, मग थकते. स्टेशनचा पूल चढताना दम लागतो, पायांवर सूज येते.

प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराला किलोमागे ६० मिलिग्रॅम मोनोक्रोटालिन एकदाच टोचले, तर यकृतात त्याचे विषारी रूप तयार होते, ते फुप्फुसातल्या वाहिन्यांचे अस्तर जाळते आणि तीन-चार आठवड्यांत फुप्फुसांतला रक्तदाब चढतो. मात्र यकृताला आणि हृदयाच्या स्नायूलाही इजा होत असल्याने दोष दाबाचा की विषाचा, हे सांगणे कठीण जाते. दुसऱ्या पद्धतीत रक्तवाहिन्यांच्या वाढीचा संदेश अडवणारे सुगेन हे द्रव्य देऊन उंदरांना तीन आठवडे १० टक्के ऑक्सिजनच्या हवेत ठेवतात. नेहमीच्या हवेत परत आणल्यावरही आजार वाढतच राहतो, आणि वाहिन्यांमधले बदल माणसातल्या बदलांशी बरेच जुळतात.

तिसरी पद्धत सर्वांत साधी आहे: फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीभोवती पट्टी आवळायची, म्हणजे फुप्फुस निरोगी आणि भार फक्त हृदयावर. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही पट्टी बांधलेले आणि सुगेन दिलेले उंदीर शेजारी ठेवून पाहिले गेले, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा धडा तिथेच मिळाला. पट्टीमुळे दाब दीर्घकाळ चढलेला असूनही त्या उंदरांची जवनिका जाड होऊन काम करत राहिली. सुगेनच्या उंदरांत मात्र ती ढासळली, तिच्यातल्या केशवाहिन्या विरळ झाल्या आणि स्नायूंत तंतू साचले. पट्टी फार घट्ट आवळली तर तीही हृदयाला थकवते, हे खरे. पण केवळ दाबाने सगळे स्पष्ट होत नाही, हे त्यातून दिसले.

रुग्णांतही असेच आढळते. जवनिकांमधल्या पडद्याला जन्मतः मोठे छिद्र असलेल्यांच्या फुप्फुसांतला दाब पुढे अतिशय वाढला, तरी त्यांची उजवी जवनिका अनेकदा वर्षानुवर्षे तग धरते. प्रौढपणी हा आजार जडलेल्यांची मात्र त्याहून कमी दाबातही लवकर खचू शकते.