खुलासा: युरोपियन कप फक्त विजेत्यांचा होता?

युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा (आधीचं नाव युरोपियन कप) विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘जुना युरोपियन कप खरा, तिथे फक्त देशाचे लीगविजेतेच खेळायचे. 1997 मध्ये उपविजेत्यांना घेतलं आणि सगळं बिघडलं.’ पहिल्याच हंगामाने हे खोटं पाडलंय.

1955-56 चे 16 संघ ‘लेकिप’ या फ्रेंच क्रीडा दैनिकाने निमंत्रण देऊन ठरवले होते. निकष होता नावाचा आणि प्रेक्षक खेचण्याचा. स्कॉटलंडचा विजेता होता ॲबरडीन, पण खेळला एडिनबराचा हिबर्नियन, जो त्या लीगमध्ये पाचवा आला होता! त्यांच्या ईस्टर रोड मैदानावर प्रकाशझोत बसवलेले होते. आठवड्याच्या मधल्या रात्री सामना घ्यायचा तर ते हवेतच. आणि हा पाचवा संघ काही शोभेपुरता आला नव्हता. जर्मन विजेत्या रोट-वाइस एसेनला त्यांच्याच घरी 4-0 ने लोळवून तो उपांत्य फेरीपर्यंत गेला, तिथे फ्रान्सच्या रांस क्लबकडून हरला. इंग्लंडचा विजेता चेल्सी मात्र तिथली लीग चालवणाऱ्या ‘फुटबॉल लीग’ या संस्थेच्या दबावामुळे उतरलाच नाही.

पुढच्या वर्षी रेआल माद्रिद आला तो लीगविजेता म्हणून नव्हे, युरोपियन कपचा गतविजेता म्हणून. स्पेनची लीग अॅथलेटिक बिलबाओने जिंकली होती.