ओढ्याकाठचं कुंपण, आणि त्याचे पैसे कोणी भरायचे

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेला अ‍ॅपलाचियन डोंगरांत वटॉगा नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, आहे. मुख्य गाव बून, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या जरा वर. सपाट जमीन इथे फार कमी. उतारावर फ्रेझर फर म्हणजे ख्रिसमसची झाडं लावतात, आणि खाली ओढ्याच्या दोन्ही बाजूंना जी चिंचोळी पट्टी मिळते तिथे मांसासाठी पाळलेली गुरं चरतात. सगळ्यात चांगलं गवतही तिथेच असतं आणि पाणीही तिथेच, त्यामुळे गुरं दिवसभर ओढ्यातच, आणि खरा प्रॉब्लेम इथूनच सुरू होतो.

गाय पाण्यात उतरते तेव्हा खुरांनी काठ ढासळतो, गवताची मुळं उघडी पडतात, पुढच्या पावसात तेवढी माती सरळ प्रवाहात. डोंगरात उतार तीव्र म्हणून पाण्याला वेग, आणि वेग थोडा वाढला तरी पाण्याची माती उचलायची ताकद कितीतरी पटींनी वाढते. मग उतार कमी झाला की तोच गाळ तळातल्या दगडगोट्यांच्या फटींमध्ये बसतो. ब्रुक ट्राउट मासा शरद ऋतूत खडीतच अंडी घालतो, त्या अंड्यांना खडीमधून वाहणारं ऑक्सिजनवालं पाणी लागतं, फटी बुजल्या की ती आतल्या आत गुदमरतात.

याच ओढ्या-नद्यांमध्ये हेलबेंडर नावाचा सॅलमँडर, म्हणजे बेडकासारखाच पण शेपटीवाला उभयचर प्राणी, राहतो, दोन फुटांपर्यंत वाढणारा, चपट्या डोक्याचा, सुरकुतलेल्या कातडीचा. मोठा झाल्यावर तो जवळपास सगळा श्वास त्या कातडीतूनच घेतो, म्हणून त्याला थंड आणि खळाळतं पाणीच लागतं. घर म्हणजे एखाद्या मोठ्या चपट्या दगडाखालची पोकळी, आणि तिथे अंड्यांची राखण नर करतो. पोकळी गाळाने भरली की घर गेलं. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकन सरकारने या प्राण्याला संकटग्रस्त यादीत टाकायचा प्रस्ताव मांडला.

उपाय ऐकायला सोपा आहे, ओढ्याला कुंपण घाला. पण मग गुरांनी प्यायचं काय? इथे जे करतात ते मला फार आवडतं. उतारावर जिथे झरा पाझरतो तिथे चर खणतात, त्यात खडी आणि भोकं असलेला पाइप घालतात, खालच्या बाजूला पाणी अडेल अशी भिंत, आणि तिथून पाइप जमिनीखालून उताराने खाली हौदापर्यंत. पंप नाही, वीज नाही. हौद बऱ्याचदा अवजड मशिनच्या भल्यामोठ्या टायरचा असतो, त्यात पाणी सतत येत आणि वाहून जात राहतं, म्हणून कडाक्याच्या थंडीतही ते सहज गोठत नाही. भोवती जाड कापड अंथरून त्यावर खडी, नाहीतर गुरांच्या वर्दळीने तिथेच चिखल व्हायचा. गुरांना स्वच्छ पाणी मिळतं, पायाचे आजार कमी होतात, म्हणजे शेतकऱ्याचाही फायदा आहेच.

पण हिशोब मांडून बघा. कुंपण, पाइप, हौद, खडी, सगळा खर्च एकट्या शेतकऱ्याचा. काठाने झाडांचा पट्टा ठेवायचा तर प्रत्येक बाजूची किमान 35 फूट जमीन जाते, तीही सगळ्यात सुपीक. आणि स्वच्छ पाणी कोणाला मिळतं, तर खालच्या गावाला, मासे पकडणाऱ्यांना, पार पुढे टेनेसी राज्यातल्या लोकांना. फायदा खाली वाहत जातो आणि बिल वरच राहतं, म्हणून यात सरकारने पैसे घालणं मला अगदी रास्त वाटतं.

ही कल्पना जुनी आहे. ह्यू हॅमंड बेनेट हा याच राज्यातला मृदाशास्त्रज्ञ, धुळीच्या वादळांच्या काळात त्याने माती वाचवण्याचा आग्रह धरला आणि 1935 मध्ये मृदा संधारणाचं सरकारी खातं उभं राहिलं, ज्याला आता एनआरसीएस म्हणतात. त्यांची इक्विप ही योजना 1996 च्या शेती कायद्यातून आली. ठरवून दिलेल्या कामाच्या अंदाजे खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंत पैसे मिळतात, नवीन किंवा कमी साधनं असलेल्या शेतकऱ्यांना 90 टक्क्यांपर्यंत, शिवाय त्यांना काही रक्कम आगाऊही घेता येते. राज्य सरकारची वेगळी कॉस्ट शेअर, म्हणजे खर्च वाटून घ्यायची योजना आहे, ती जिल्हा पातळीवरच्या माती-पाणी मंडळांमार्फत चालते.

माझ्या मते पैशाइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे फुकट मिळणारा सल्ला. खात्याचा प्लॅनर स्वतः शेतावर येतो, उतार बघतो, झरा कुठे आहे, उन्हाळ्याच्या शेवटी त्याला किती पाणी राहतं, कुंपण कुठून न्यायचं, किती दिवसांनी गुरं दुसऱ्या पॅडॉकमध्ये, म्हणजे कुरणाच्या कुंपण घातलेल्या दुसऱ्या भागात हलवायची, हे सगळं बसून आखून देतो. चुकीच्या जागी घातलेलं कुंपण पहिल्याच पुरात जातं, म्हणून हा सल्ला महत्त्वाचा.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. करारावर सही होण्याआधी काम सुरू केलं तर साधारणपणे पैसे मिळत नाहीत. आणि बहुतेकांना आधी स्वतः खर्च करावा लागतो, काम तपासलं गेलं की मगच पैसे, आपल्याकडे ठिबकचं अनुदान घेतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. अर्जांना गुण देऊन क्रमवारी लावतात आणि देशभरात मागणीपेक्षा निधी कमी, त्यामुळे भरपूर अर्ज मागे राहतात. 2022 च्या इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट या कायद्याने अशा संवर्धन योजनांसाठी साधारण 19.5 अब्ज डॉलर जास्तीचे ठेवले होते, पण 2025 च्या सुरुवातीला त्यातली बरीच पेमेंट अडकली आणि करार करून, खिशातून खर्च करून बसलेले शेतकरी वाट बघत राहिले. सरकारच्या सहीवर विसंबून ज्याने कर्ज काढलं त्याच्याशी असं वागणं चूक आहे, आणि पुढच्या वेळी शेजारी अर्ज करायलाच घाबरतो हा वेगळा तोटा.

त्याच्या काही महिने आधी, सप्टेंबर 2024 मध्ये, हेलीन वादळाने या डोंगरांत प्रचंड पाऊस पाडला, दरडी कोसळल्या, ओढ्यांनी वाटा बदलल्या, कुंपणं वाहून गेली. अशा वेळी आणीबाणीची वेगळी योजना आहे, शेतातला राडारोडा काढायला आणि कुंपण परत उभारायला साधारण 75 टक्क्यांपर्यंत मदत मिळते. आणि जिथे कुंपण ओढा ओलांडतं तिथे जाळीऐवजी वीजप्रवाहाची एकच तार लावायची पद्धत आहे. जाळीत ओंडके अडकतात आणि त्या ओझ्याने खांबांसकट सगळी लाइन उपटून जाते. एकेरी तार पुरात मुद्दाम तेवढीच तुटेल अशी बांधतात, पाणी ओसरलं की एक माणूस तासाभरात ती परत ताणतो.