मोदकाच्या चुण्या आणि खोगिराचं चामडं

2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि आपल्या चामड्याच्या कौतुकाला ऊत आला. कौतुक रास्तच आहे. पण त्या भरात एक गैरसमजही बोकाळलाय: बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं चामडं हाताशी असलं की काहीही मढवता येतं, सुरकुती पडलीच तर जोर लावून ओढायचं! असं म्हणणाऱ्याने काउबॉय पद्धतीच्या खोगिराचा पुढचा भाग मढवून दाखवावा.

चपलेचा तळ सपाट. पट्टा वाकतो तोही एकाच दिशेने, म्हणजे कागद वाकतो तसाच. खोगिराचा सांगाडा पुढे मात्र एकाच जागी दोन दिशांना वळतो: मध्ये मूठ, दोन्हीकडे फुगवटे, खाली कमान. सपाट वस्तू न ताणता, न आकसता अशा आकारावर बसूच शकत नाही, हे गणितज्ञ गाउसच्या 1827 मधल्या प्रमेयातून निघतं. उकडीच्या मोदकात आपण हेच करतो. पारीला खोलगट आकार आला की कडेला जास्तीचं उरतं, ते चुण्यांत घ्यावं लागतं. फुगवट्यावरही चामडं माथ्याला चपखल बसतं नि कडेला उरतं. मुठीच्या बुडाशी नेमकं उलटं: तिथे वक्रता ऋण (एका दिशेने वर, आडव्या दिशेने खाली वळण), म्हणून कडेला चामडं कमी पडतं. (ऋण वक्रतेचं ठरलेलं उदाहरण म्हणजे खोगीरच!) म्हणजे मुठीपाशी ताणायचं आणि फुगवट्यावर उरलेलं जिरवायचं. नुसतं ओढून दुसरं काम होत नाही.

चामड्यात ते जिरतं कसं? चामडं म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचं गुंतवळ. कोरडं असताना तंतू एकमेकांना धरून असतात. ओल मिळाली की ते सरकतात. कडेने दाबलं की जवळ येतात आणि त्या जागी चामडं किंचित जाड होतं. वाळताना त्यांच्यात नव्या जागी हायड्रोजन बंध जुळतात आणि आकार पक्का होतो. पण ओल बेताची हवी. चामडं निथळत असेल तर तंतूंमधल्या पोकळ्या पाण्यानेच भरलेल्या असतात. मग जिरायला जागा कुठली?

म्हणून साडेतीन-चार मिलिमीटर जाडीचा तुकडा कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून रातभर मुरू द्यावा. मग थोडा वेळ उघडा ठेवावा. वरचा रंग परत उजळ दिसतो, पण गालाला लावलं तर गार लागतं, तेव्हा तो तयार. तुकडा पाठीचा घ्यावा आणि कण्याची रेघ बरोबर मध्यावर ठेवावी. पोटाचं चामडं सैल असतं, एका बाजूला जास्त ताणतं आणि पुढे सुरकुततं. पकडीला चारी बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर जादा सोडावं.

आधी मुठीसाठी भोक पाडून चामडं वरून बसवावं, मध्य पक्का करावा, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं उतरत यावं. मोठी चुणी आली तर ती सपाट ठोकू नये, दुमडून कायमची रेघ पडते. एकीच्या दोन कराव्यात, दोनच्या चार. बारीक झाल्या की हाडाच्या गुळगुळीत पट्टीने कडेकडून आत दाबत न्याव्यात. चामडं सुकायला लागलं तर ओल्या स्पंजाने पुसावं. फुगवटा फारच रुंद असेल तर हट्ट न करता पाचर कापून शिवण घ्यावी.

तात्पुरते खिळे पितळी वापरा. ओल्या चामड्यातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची जुनी शाई याच रसायनाची. ताज्या डागावर लिंबाचा रस चोळला तर तो बराच फिका होतो. नजर लागू नये म्हणून खोगिराला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनी निदान लिंबू इकडे द्यावं.

वाळवताना शेगडी, ड्रायर किंवा कडक ऊन नको. असं ओलं चामडं साधारण 75-80 अंशांपुढे आकसतं आणि कडक होतं, ते परत मऊ पडत नाही. सावलीत दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत, कमानीच्या आतला भागही कोरडा लागला की मगच खिळे काढावेत.